आई म्हणाली ‘नऊ लिही’, रिपोर्ट म्हणाला ६.८

ज्यांनी हा एपिसोड लोकलमध्ये, एसटीत किंवा भांडी घासता घासता ऐकलाय, त्यांच्यासाठी हा त्याचा लिहिलेला अवतार. ऐकताना आकडे निसटतात ही तुमची नेहमीची तक्रार, म्हणून यावेळी आकडे नीट मांडलेत. रेकॉर्डिंगमध्ये मी दोन ठिकाणी अडखळले होते, तेही सरळ केलंय.

सुरुवात घरापासून करते. दिवाळीत गावी गेले होते, कऱ्हाडच्या पुढे आमचं गाव. ‘सुख मोजता येतं का’ या विषयावर एपिसोड करायचा डोक्यात होतं, म्हणून फराळाला बसलेल्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. डोळ्यांसमोर एक शिडी आणा. सगळ्यात खालची पायरी शून्य, सगळ्यात वरची दहा. दहा म्हणजे तुम्हाला मिळू शकेल असं सगळ्यात चांगलं आयुष्य, शून्य म्हणजे सगळ्यात वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात?

बाबा म्हणाले, सात. मी स्वतःला पाच दिले. पुण्याहून आलेला मावसभाऊ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, ‘तीन.’ सगळे हसले. कारण तिशीच्या आत स्वतःचा फ्लॅट, गाडी, चांगलं पॅकेज, असा आमच्या सगळ्या भावंडांत तोच एकटा. आई आतून ओरडली, ‘माझे नऊ लिही गं.’ मी म्हटलं, दहा का नाही? तर म्हणते, ‘दहा कुणी म्हणतं का? दृष्ट लागते.’

मला ते इतकं आवडलं की तेवढा तुकडा ट्रेलरला वापरायचा, असं ठरवूनही टाकलं.

तीन आठवड्यांनी आई बाजाराहून येताना स्टँडवर चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ६.८. बायकांचं बाराच्या वर असावं लागतं, आठच्या खाली गेलं की ॲनिमिया गंभीर धरतात. डॉक्टरांनी विचारलं, दम लागतो का? ‘चढणीला लागतो, पण तो सगळ्यांनाच लागतो की.’ थकवा? ‘काम असलं की थकवा येणारच.’ पाळीत जास्त जातं का? यावर ती माझ्याकडे बघायला लागली, कारण जास्त म्हणजे किती हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. हे सगळं दोन-तीन वर्षं तरी चाललेलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मी शिडीचा प्रश्न विचारला तेव्हाही ती तशीच होती. आणि मी हसत हसत नऊ लिहून घेतले होते.

आई खोटं बोलली का? नाही. मी याचा बराच विचार केला. ती मनापासून नऊ म्हणाली होती. मग गडबड कुठे आहे?

हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. एखादा समाज पुढे चाललाय की नाही हे मोजायला बसलेल्या प्रत्येकाला तो आडवा येतो. मोजायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, माणसाला विचारून कळणारं: तू समाधानी आहेस का, काल दिवस कसा गेला, भीती वाटते का. पुस्तकात याला व्यक्तिनिष्ठ म्हणतात. दुसरी, माणसाला न विचारता मोजून कळणारं: उत्पन्न, आयुर्मान, शाळेची वर्षं, रक्तातलं लोह. हे वस्तुनिष्ठ. मी पुढे ‘विचारून’ आणि ‘मोजून’ एवढंच म्हणेन, ते शब्द तोंडात बसत नाहीत.

बराच काळ जगाचा सगळा भर मोजण्यावर होता, आणि त्यातही एकाच आकड्यावर: जीडीपी. गंमत अशी की ज्या सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेत राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब बसवला, त्यांनीच १९३४ च्या अहवालात बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांचं भलं झालं की नाही हे ठरवू नका. ते फारसं कुणी ऐकलं नाही. मग १९९० मध्ये पाकिस्तानचे महबूब उल हक आणि आपले अमर्त्य सेन यांच्या पुढाकारातून मानव विकास निर्देशांक आला. त्यात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण बसवलं. मोठी सुधारणा, पण तोही सगळा मोजूनच. तुम्हाला कसं वाटतंय हे त्यात कुणी विचारत नाही.

विचारण्याची ती शिडी मात्र जुनी आहे. हॅडली कॅन्ट्रिल नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६५ च्या पुस्तकात ती मांडली, आणि आज गॅलप ही संस्था जगभर तोच प्रश्न विचारते. दरवर्षी मार्चमध्ये ‘भारत आनंदात अमुकाव्या क्रमांकावर’ अशी बातमी तुमच्या फोनवर येते ना, ती हीच शिडी. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत आपण ११८ वे होतो. फिनलंड २०१८ पासून पहिला. मग व्हॉट्सॲपवर भांडणं सुरू होतात: जीडीपीमुळे आपल्याला खाली टाकलं, भ्रष्टाचाराचे मार्क कापले वगैरे. तसं काही नसतं. क्रमांक निव्वळ शिडीच्या उत्तरावर लागतो. बहुतेक देशांत वर्षाला साधारण हजारभर माणसांना विचारतात आणि तीन वर्षांची सरासरी काढतात. उत्पन्न, आरोग्य, भ्रष्टाचार हे सगळं नंतर येतं, एखादा देश वर का आणि दुसरा खाली का हे समजून घेण्यासाठी.

आता ही शिडी डुगडुगते का? डुगडुगते. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अँगस डीटन यांनी अमेरिकेतले गॅलपचे आकडे तपासले तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. शिडीच्या प्रश्नाआधी देशाच्या राजकारणाबद्दल प्रश्न विचारले, की लोक स्वतःच्या आयुष्यालाच कमी मार्क द्यायचे. आणि ही घसरण किरकोळ नव्हती, २००८ च्या मंदीच्या फटक्याच्या तोडीची होती. आपल्याकडे तर आणखी भानगडी. ‘हॅपी’ला मराठीत काय म्हणणार? आनंदी, सुखी की समाधानी? लग्नात नाचणारा आनंदी असतो, पेन्शन सुरू झालेला सुखी असतो, आणि समाधानी असणं हा तर आपल्याकडे चांगल्या माणसाचा गुणच मानतात. कुणी ‘कसं काय?’ विचारलं की आपण ‘बरं चाललंय’ म्हणतो, ती माहिती नसते, रीत असते. वर आईची दृष्ट आहेच.

पण खरी अडचण शब्दांची किंवा क्रमाची नाही. प्रश्नावली सुधारून या गोष्टी बऱ्याचशा सांभाळता येतात. खरी अडचण अशी की माणूस आहे त्या परिस्थितीशी जुळवून घेतो, आणि मग त्या परिस्थितीलाच मापाची पट्टी करतो. कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. यॉन एल्स्टर नावाच्या नॉर्वेच्या अभ्यासकानं १९८३ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘आंबट द्राक्षं’. फक्त एक फरक लक्षात घ्या. गोष्टीतल्या कोल्ह्याला द्राक्षं दिसली तरी होती. कित्येकांना ती दाखवलेलीच नसतात.

यातलं सगळ्यात अंगावर येणारं उदाहरण बंगालचं आहे. १९४३ चा भयंकर दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. १९४४ मध्ये कोलकात्याजवळ सिंगूर भागात अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेनं, तीच स्वच्छता आणि सार्वजनिक आरोग्य शिकवणारी, एक पाहणी केली. त्यात विधुरांना आणि विधवांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं होतं. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आजारी आहे किंवा तब्येत यथातथाच आहे. विधवांपैकी असं म्हणणाऱ्या २.५ टक्के. नुसतं ‘यथातथाच’ म्हणणारे पाहिले तर पुरुष ४५.६ टक्के, बायका शून्य. एकही नाही! त्या काळातल्या बंगाली विधवेचं खाणंपिणं, उपास, घरातलं स्थान डोळ्यांसमोर आणा आणि मग तो शून्य पुन्हा वाचा. अमर्त्य सेन यांनी हे आकडे आपल्या लिखाणात मांडले म्हणून ते आज आपल्यापर्यंत पोचले. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा नोंद करून पुढे गेले होते. आईच्या रिपोर्टनंतर पुन्हा काढून वाचले.

जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर अलीकडचं बघा. सेन यांनी २००२ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात केरळ आणि बिहारची तुलना केली. केरळात माणसं जास्त जगतात, बाळं कमी दगावतात. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावणारी बाळं केरळात ६, महाराष्ट्रात १६, बिहारमध्ये २७. म्हणजे मोजून बघितलं तर केरळ स्पष्ट पुढे. पण घरोघरी जाऊन ‘गेल्या पंधरा दिवसांत कुणी आजारी होतं का’ असं विचारलं, की सगळं उलटं. २०१४ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत केरळात हजारातल्या तीनशेहून जास्त लोकांनी ‘हो, आजारी होतो’ असं सांगितलं. देशाच्या ग्रामीण भागात हेच सांगणारे हजारी ८९. बिहार तर त्याहून खाली. सेन यांच्या तुलनेत अमेरिकाही होती, आणि तिथले लोक केरळपेक्षाही जास्त आजार सांगत होते.

नुसत्या विचारण्यावर राज्य चालवायचं ठरवलं, तर दवाखाने केरळात काढावे लागतील आणि बिहारला शाबासकी द्यावी लागेल.

असं का होतं? थोडं कारण वयाचं आहे. केरळात म्हातारी माणसं जास्त, त्यामुळे बीपी-शुगरही जास्त. पण त्यानं सगळं उलगडत नाही. केरळातली बाई शिकलेली असते, आरोग्य केंद्र जवळ असतं, रक्तदाब म्हणजे काय ते तिला ठाऊक असतं, आणि तक्रार केली तर कुणीतरी ऐकतं. म्हणून ती तक्रार करते. जिथे दवाखाना पंचवीस किलोमीटरवर आणि शेजारणीही तशाच दमलेल्या, तिथे दमणं हा आजार नसतोच, ते आयुष्य असतं. माझ्या आईला दम लागणं हा आजार वाटला नाही, कारण आमच्या आळीत चढणीला दम न लागणारी तिच्या वयाची बाई मलाही आठवत नाही. आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९ ते २१ ची पाचवी फेरी: महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के ॲनिमियात. देशात ५७. बोटाला सुई टोचून केलेली तपासणी आहे ही, आणि बोटातल्या रक्तावरून आकडा किती अचूक येतो यावर तज्ज्ञांत वाद आहेत, तेही सांगून ठेवते. तरी निम्म्याच्या आसपास! निम्म्या बायकांची जी अवस्था, तिला ‘नॉर्मल’ म्हटलं जाणारच.

इथपर्यंत ऐकून एकीनं रेकॉर्डिंगनंतर मला विचारलं, ‘मग विचारायचं कशाला? सरळ सगळ्यांचं रक्त तपासा, पगार बघा, झालं.’

थांबा, मावसभाऊ राहिला.

त्याच्या आयुष्यातलं जे जे मोजता येतं ते सगळं उत्तम आहे. रिपोर्ट नॉर्मल, उत्पन्न चांगलं, विमा आहे, घर आहे. मानव विकास निर्देशांकात त्याला बसवलं तर तो आपल्या सगळ्यांच्या वर जाईल. आणि तो तीन म्हणाला. आम्ही हसलो. नंतर गच्चीवर त्यानं सांगितलं की रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधडतं, रात्री दोनला फोन वाजतो, कामावरून काढतील या भीतीत वर्ष गेलं, आणि घरच्यांना सांगितलं तर ‘तुला काय कमी आहे?’ हेच ऐकायला मिळतं. ‘तुला काय कमी आहे’ हे वाक्य म्हणजे नुसतं मोजून मोकळं होणं. त्याचं तीन कुठल्याच मोजमापात येत नव्हतं, विचारल्यावरच आलं. भीती, एकटेपणा, अपमान, रात्री एकटीनं घरी येताना वाटणारी सुरक्षितता, या गोष्टी रक्तात दिसत नाहीत. ज्याच्या त्याला विचारावंच लागतं.

आणि मोजणारा काय मोजायचं ते स्वतःच ठरवतो, हे विसरू नका. जीडीपीत आईचं काम नाही. तिचा पहाटे पाचपासूनचा दिवस त्या हिशोबात शून्य रुपयांचा. २०१९ मध्ये सरकारनं वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली तेव्हा हे काम निदान मिनिटांत तरी दिसलं. घरच्यांसाठीचं बिनपगारी घरकाम ज्या बायका करतात त्यांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो. जे पुरुष करतात त्यांचा ९७. आणि मुळात त्या दिवशी असं काही काम केलं अशा बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘मी चहा करतो की.’ करतात, खरंच करतात. आम्ही ते धरलंय.

तर दोन्ही हवं. पण एकत्र कसं आणायचं? इथे भूतानकडे बघायला हवं, कारण त्यांच्याबद्दल आपल्याकडे रील्स खूप आणि माहिती कमी. ‘तिथे जीडीपीऐवजी आनंद मोजतात’ एवढंच आपण ऐकलेलं असतं. १९७० च्या दशकात राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी ती कल्पना मांडली, २००८ च्या राज्यघटनेतही ती आली. मात्र मोजायला बसले तेव्हा त्यांनी ‘तुम्ही आनंदी आहात का?’ एवढंच विचारलं नाही. त्यांच्या निर्देशांकात नऊ क्षेत्रं आणि ३३ निकष आहेत. मनःस्थिती, आरोग्य, शिक्षण, राहणीमान, पर्यावरण, कारभार, संस्कृती, शेजार-समाज आणि वेळ. यातलं काही विचारून येतं: राग, मत्सर, शांतता किती वाटते, आयुष्याबद्दल समाधान किती. काही मोजून: उत्पन्न, घराचं छप्पर, शाळेची वर्षं. प्रत्येक निकषाला ‘इतकं पुरेसं’ अशी एक रेघ आहे. वजन धरून दोन तृतीयांश निकषांत माणूस रेघेवर पोचला, की त्याला सुखी धरतात. सगळ्यात दहापैकी दहा हवेत असा आग्रहच नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

वेळेचा निकष तर ऐकाच. आठ तास झोप, आणि काम आठ तासांपेक्षा जास्त नाही. कामात घरकाम आणि मुलं सांभाळणं धरलेलं आहे. माझी आई या एका ओळीवरच नापास झाली असती, आणि तिचे नऊ तिथेच कुणाच्या तरी डोळ्यांत खुपले असते.

२०१० मध्ये या पद्धतीनं ४०.९ टक्के भूतानी सुखी ठरले, २०१५ मध्ये ४३.४, आणि २०२२ मध्ये ४८.१. बघा, जगात सुखाची जाहिरात ज्या देशाच्या नावानं होते, तो स्वतःच सांगतो की आमची निम्मी माणसंसुद्धा अजून रेघेवर नाहीत. गॅलपच्या शिडीवर तर २०१९ च्या अहवालात भूतान १५६ देशांत ९५ वा होता. यावरून काहीजण त्यांची खिल्ली उडवतात. माझं मत उलटं आहे. पट्टी बदलली की आकडा बदलणारच, आणि कुठली पट्टी लावली हे त्यांनी उघड सांगितलंय.

त्यांची खरी दुखरी जागा वेगळीच आहे. १९९० च्या आसपास नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजातली माणसं भूतानमधून बाहेर पडली, बाहेर काढली गेली. नेपाळच्या छावण्यांत एक लाखाहून जास्त लोक वर्षानुवर्षं राहिले, पुढे बहुतेकांना अमेरिका आणि इतर देशांनी घेतलं. आज आठ लाखांच्याही आत लोकसंख्या असलेल्या देशातून एक लाख! पाहणीला माणसं घरोघरी गेली तेव्हा ही घरं तिथे नव्हतीच. विचारा किंवा मोजा, यादीत कोण आहे यावर आधीच बरंच ठरलेलं असतं. आपल्याकडेही हंगाम पडला की ऊसतोडीला गेलेल्या घराला कुलूप असतं. दारावर टकटक करणारा पाहणीवाला काय लिहील?

आणि अलीकडे भूतानची तरुण मुलं मोठ्या संख्येनं ऑस्ट्रेलियाला चाललीयत. ते त्यांनी पायांनी दिलेलं उत्तर आहे, ते कुठल्या रकान्यात धरायचं मला कळत नाही.

जग या दोन्हीच्या सांध्यावर अधिकृतपणे आलं ते २००९ मध्ये. फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझी यांनी वर्षभर आधी एक आयोग नेमला होता: जोसेफ स्टिग्लिट्झ, आपले अमर्त्य सेन आणि ज्याँ-पॉल फितूसी. आयोगानं सांगितलं की सरकारी पाहण्यांनी दोन्ही गोळा कराव्यात, विचारूनही आणि मोजूनही. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे: सगळ्याचा मिळून एकच आकडा करण्याच्या मोहाबद्दल त्यांनी सावध केलं. त्यांनी गाडीचं उदाहरण दिलंय. वेग आणि टाकीतलं पेट्रोल यांची बेरीज करून डॅशबोर्डवर एकच आकडा दाखवला तर ड्रायव्हरला काय कळणार? ब्रिटननं २०११ पासून आपल्या मोठ्या सरकारी पाहणीत चार प्रश्न घातले: आयुष्याबद्दल समाधान किती, जे करता ते सार्थ वाटतं का, काल आनंदी होता का, काल काळजीत होता का. शून्य ते दहा. उत्तरं बाकीच्या आकड्यांशेजारी ठेवतात, त्यांत विरघळवत नाहीत.

हेच मला आमच्या घरी लागू पडलं. आईचे नऊ आणि ६.८ यांची सरासरी काढली तर ७.९ येते. छान आकडा आहे, आणि अगदी निरुपयोगी. ते दोन शेजारी शेजारी ठेवले, मधली दरी बघितली, की लगेच प्रश्न उभा राहतो: एवढं रक्त कमी असताना ही बाई नऊ का म्हणतेय? तिला कुणी सांगितलं की हे असंच असतं? मावसभावाचंही तसंच. सगळं नॉर्मल असताना तीन का? दोघांची दरी उलट्या दिशेची. एकीकडे डॉक्टर आणि माहिती पोचवायची, दुसरीकडे रात्री दोनचा फोन बंद करायचा. एकच आकडा धरला असता तर आई सुखी म्हणून आणि भाऊ रडका म्हणून आम्ही विषय संपवला होता. खरं तर संपवलाच होता, फराळाच्या वेळी.

आपल्याकडे दोन्ही तऱ्हांच्या पाहण्या होतात, पण बहुतेक वेगवेगळ्या माणसांच्या. शिडी कुणा एकाला, सुई दुसऱ्याला. एकाच बाईला दोन्ही विचारलं पाहिजे, त्याच दिवशी. खर्च वाढेल, मान्य. पण त्याशिवाय दरी दिसणारच नाही.

तुम्ही घरी करून बघणार असाल तर एक सांगते, शिडीचा प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नका. एकेकट्याला गाठा. आणि त्याच्यानंतर लगेच साधे प्रश्न विचारा: काल किती तास झोपलीस, काल जेवायला किती वाजता बसलीस, शेवटचं रक्त कधी तपासलंस. उत्तरं शेजारी शेजारी लिहा.

आईला रक्त चढवलं, रक्तवाढीच्या गोळ्या सुरू झाल्या, पाळीच्या त्रासावर उपचार झाले. संक्रांतीनंतर पुन्हा तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ११.२. मी तिळगूळ खात खात तिला पुन्हा शिडी विचारली. मला वाटलं, आता तरी दहा म्हणेल.

ती बराच वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, ‘सात.’

मी चाट पडले. म्हटलं, अगं, बरी झालीस ना तू? तर म्हणते, ‘झाले की. म्हणून तर कळतंय. दुपारी जरा पडायला मिळालं पाहिजे माणसाला. आणि ते पहाटेचं पाणी मीच का भरायचं? तुझ्या बाबांना विचार जरा, त्यांचे अजून सातच आहेत का.’

विचारलं. त्यांनी सहा सांगितले.